पहिल्या तीन महिन्यांचा डबा : पुण्यातील एका घरगुती सेवेविषयी

गरोदरपणात काय खावे हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत वानवा भासते ती, त्या सांगण्यातले चार घास पोटात टिकतील अशा बेताने रांधून वेळेवर समोर ठेवणाऱ्या माणसाची. पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला एक काकू आणि त्यांच्या सूनबाई केवळ गरोदर स्त्रियांसाठी डबे करून घरपोच पाठवतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास मी त्यांच्याकडे डबा लावला आणि चौथा महिना लागेपर्यंत तो सुरू ठेवला. स्वयंपाकघर लहान आहे आणि पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत, त्यामुळे नाव देत नाही. परंतु अशी सेवा निवडताना नेमके काय पाहावे, हे ठरवायला हा अनुभव उपयोगी पडावा.

नोंदणीच्या वेळी सूनबाई फोनवर जे प्रश्न विचारतात, त्यांतूनच या कामातली त्यांची जाण दिसून येते. मधुमेह, थायरॉईड, रक्तदाब, कोणत्या पदार्थाची ॲलर्जी हे सगळे विचारले जातेच. पण त्याआधी ‘कोणता वास सहन होत नाही?’, ‘मळमळ दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त असते?’ आणि ‘घरात स्वयंपाक कोण करते?’ हे तीन प्रश्न येतात. तिसऱ्या प्रश्नाचे प्रयोजन मला आधी कळले नव्हते. घरात दुसरे कोणी स्वयंपाक करत असेल, तर बाहेरून डबा आला तरी फोडणीचा वास चुकत नाही, आणि मग डब्याची वेळ घरातल्या स्वयंपाकाच्या आधीची ठेवावी लागते, हा त्यामागचा विचार होता. कुकरच्या शिट्टीबरोबर येणारा तुरीच्या डाळीचा वास, तापत्या दुधाचा वास, लसणाची फोडणी आणि फ्रिजचे दार उघडताच अंगावर येणारा तो संमिश्र वास यांपैकी किमान दोन तरी नावे बहुतेक जणी सांगतात, असे सूनबाई म्हणाल्या. माझी चारही होती, शिवाय ओली कोथिंबीर.

डबा दिवसातून दोनदा येतो. संध्याकाळच्या फेरीत रात्रीच्या जेवणाबरोबर एक चपटी स्टीलची डबी असते आणि ती दुसऱ्या दिवशी पहाटेसाठी असते. तीत कधी जिरेपूड आणि सैंधव लावलेल्या साळीच्या लाह्या, कधी राजगिऱ्याचा लाडू, कधी खाकऱ्याचे तुकडे असतात. ही डबी उशाशी ठेवायची आणि अंथरुणातून उठण्यापूर्वी, चूळ भरण्याच्याही आधी, दोन-चार घास कोरडेच खायचे, अशी सूचना आहे. ‘दात घासल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही’ या शिस्तीत वाढलेल्या कोणालाही हे जड जाते. पण रिकाम्या पोटी मळमळ वाढते हे एकदा अंगाने अनुभवले की शिस्त आपोआप बाजूला होते. सकाळच्या फेरीत नाचणीचे आंबील किंवा मुगाचे धिरडे, दुपारचे जेवण आणि चार वाजताचे काही किरकोळ खाणे असे एकदमच येते. दुपारचा ठरलेला बेत म्हणजे मऊ भात, मेतकूट, तूप, जुन्या लिंबाच्या लोणच्याची एक फोड, दुधी, पडवळ किंवा लाल भोपळा यांपैकी एखादी सौम्य भाजी, आणि वेगळ्या बाटलीत आमसुलाचे सार. प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र झाकण असते, ज्यामुळे डबा उघडताच सगळे वास एकत्र अंगावर येत नाहीत, आणि झाकणावर मार्करने ‘आधी हे’, ‘नंतर’, ‘गार झाले तरी चालेल’ असे लिहिलेले असते.

त्या सारावर थोडे थांबायला हवे, कारण माझ्यासाठी सगळा डबा त्या बाटलीने तारला. नेहमीचे सार म्हणजे तुपात जिरे, हिंग, कढीपत्ता आणि त्यावर कोथिंबीर. काकू त्यातले जवळपास सगळे काढून टाकतात. आमसुले कोमट पाण्यात कोळून, त्यात किसलेल्या आल्याचा रस, चिमूटभर गूळ, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की झाले, फोडणीच नाही. ते गरम, कोमट, गार कसेही पिता येते आणि जेवताना न पिता दोन खाण्यांच्या मधल्या वेळात घोटाघोटाने प्यायचे असते. जेवणाबरोबर पोटभर पाणी प्यायल्यास अनेकींना उलटी होते, म्हणून द्रव आणि घन वेगळे ठेवावे, हा साधा नियम डॉक्टरही सांगतात. मात्र नुसते ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगून सोडून देणे आणि पिता येईल असे काहीतरी हाती देणे यांत फार अंतर आहे. साध्या पाण्याचीही शिसारी येण्याचे दिवस असतात, तेव्हा हे अंतर कळते.

गरोदरपणातील मळमळ जवळपास ७० ते ८० टक्के स्त्रियांना कमीअधिक प्रमाणात होते. ती साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत तीव्र असते आणि बहुतेकींची १६ ते २० आठवड्यांपर्यंत ओसरते. तरीही ‘मनाचे खेळ आहेत, आम्ही नाही का शेतात राबलो’ हे वाक्य अजून घरोघरी ऐकू येते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जीडीएफ १५ या संप्रेरकाचा या मळमळीशी थेट संबंध दाखवला गेला. गर्भ आणि वार (प्लॅसेंटा) यांच्याकडून ते मोठ्या प्रमाणात आईच्या रक्तात येते, आणि गरोदर होण्यापूर्वी ज्या स्त्रीच्या शरीरात त्याचे प्रमाण कमी असते तिला त्रास जास्त होतो. जावेला काहीच झाले नाही आणि आपल्याला घोटभर चहा पचत नाही, यामागे नाजूकपणा किंवा लाडावलेपण नसून शरीराचा आपला असा हिशेब असतो, हे त्या संशोधनाने स्पष्ट झाले. काकूंना या संप्रेरकाचे नाव ठाऊक नाही, पण ‘प्रत्येकीचे पोट वेगळे’ हे गृहीत धरूनच त्यांचा स्वयंपाक चालतो, आणि मला वाटते, या सेवेचे मर्म तिथेच आहे.

महिन्यातून एका शनिवारी दुपारी त्यांच्या घरी डबा घेणाऱ्या स्त्रियांची बैठक होते आणि एक आहारतज्ज्ञ ताई तिथे येतात. त्या बैठकीचे वेगळे पैसे नाहीत. तिथे जे ऐकायला मिळाले ते कोणत्याही तक्त्यात सापडले नसते. मूळची रत्नागिरीची एक जण सांगत होती, जन्मभर रोज मासे खाल्ले आणि आता सुक्या बोंबलाची बरणी घरात कुठे आहे हे दारातूनच कळते. तिने ती बरणी शेवटी शेजारी ठेवायला दिली. सोलापूरच्या एकीचा पहिला दीड महिना माहेराहून आलेल्या कडक भाकरीवर आणि शेंगाचटणीवर निघाला. कडक भाकरी कोरडी, टिकाऊ आणि जवळजवळ बिनवासाची असल्यामुळे हे अगदी सयुक्तिकच होते, आणि काकूंनी ती कल्पना उचलून पहाटेच्या डबीत कडक भाकरीचे तुकडे सुरू केले. जन्मभर दूध न आवडलेल्या एकीला रात्री गार दूध हवेसे वाटू लागले होते, तर रोज दोन वेळा चहा घेणाऱ्या दुसरीला चहाचा वासही नको झाला होता. चहा-कॉफी पूर्ण सोडण्याची गरज नाही, दिवसभराचे कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, एवढेच ताईंचे म्हणणे होते. पण लोहाच्या गोळ्यांच्या आगेमागे तासभर तरी चहा नको, कारण त्याने लोहाचे शोषण कमी होते.

बैठकीच्या शेवटी शेवटी एक जण संकोचत म्हणाली की, तिला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते आणि ती खातेही. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नव्हती आणि ताईंनी नेली नाही. माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ यांची अशी ओढ लोहाच्या कमतरतेबरोबर पुष्कळदा दिसते आणि मातीतून जंत किंवा शिसे पोटात जाण्याचा धोका असतो, म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि डॉक्टरांपासून हे लपवू नये, असे त्यांनी सांगितले. ‘डोहाळे आहेत, पुरवा’ म्हणून सगळ्याच इच्छांना एका रांगेत बसवण्याची आपली जी सवय आहे, तिला अशा ठिकाणी आवर घालणारे कोणी असणे गरजेचे असते.

आता तक्रारींकडे. पहिली तक्रार पहिल्या डब्याबरोबर येणाऱ्या रंगीत माहितीपत्रकाविषयी आहे, आणि ती गंभीर आहे. ‘आमच्या फोलेटयुक्त आहाराने बाळाच्या मेंदूचे व मणक्याचे रक्षण’ असे त्यात ठळक अक्षरांत छापले आहे. गर्भाची मज्जानलिका, जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजले तर सहाव्या आठवड्यात. बहुतेक जणी डबा लावतात तोवर ती वेळ उलटून गेलेली असते. म्हणूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटचीच, गोळी गर्भधारणेच्या आधीपासून सुरू करून पहिले १२ आठवडे घ्यावी असे सांगितले जाते. पालक, हरभरे, मसूर जरूर खावेत, परंतु ते त्या गोळीला पर्याय नाहीत, आणि डबा विकण्यासाठी तसे सुचवणे गैर आहे. त्याच पत्रकात ‘आता दोघांसाठी खा’ असेही आहे. पहिल्या तिमाहीत जास्तीच्या उष्मांकांची जवळपास गरज नसते. रोजचे सुमारे ३५० उष्मांक वाढवायचे ते पुढच्या महिन्यांत. ज्या काळात अर्धी पोळी जात नाही, त्या काळात दोघींचे जेवण जेवण्याचा उपदेश वाचून स्त्रीच्या पदरी अपराधीपणाशिवाय काय पडणार? आणि केशरदुधाने बाळाचा रंग उजळतो, हे वाक्य सुशिक्षित पुण्यात २१ व्या शतकात छापून येते याचे आश्चर्य वाटायला नको, पण संताप यायला हवा. ताईंना विचारले तेव्हा ‘ते पत्रक माझ्याआधीचे आहे’ एवढे त्या म्हणाल्या. काकूंना सांगितले, पत्रक अजून तेच आहे.

दुसरी तक्रार अन्नाच्या सुरक्षिततेची होती आणि तिचा निकाल मात्र चांगला लागला. सुरुवातीला चार वाजताच्या खाण्यात मोड आलेल्या कच्च्या मुगाची कोशिंबीर येत असे. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, त्यामुळे गरोदर स्त्रीने कच्ची कडधान्ये टाळावीत, नीट शिजवून खावीत, असा सल्ला दिला जातो. मी हे ताईंमार्फत कळवल्यावर त्याच आठवड्यात कोशिंबिरीच्या जागी शिजवलेली उसळ येऊ लागली आणि ती सगळ्यांसाठीच बदलली गेली. दूध तापवलेले असते, दही पाश्चराइझ केलेल्या दुधाचे असते, आणि डब्याच्या पिशवीवर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी नोंदणी क्रमांक छापलेला आहे. घरगुती डबा लावताना हा क्रमांक पाहण्याची सवय आपल्याला नाही, ती लावून घ्यावी.

‘उष्ण’ पदार्थांच्या बाबतीत या स्वयंपाकघराचे धोरण सावध आहे, किंबहुना व्यापारी आहे. पपई, अननस, तीळ, बाजरी, अळीव यांतले काहीही डब्यात येत नाही. कच्च्या पपईत चीक असल्याने ती टाळणे योग्यच. पूर्ण पिकलेली पपई किंवा जेवणातल्या भाजीवर भुरभुरलेले तीळ यांनी अपाय होतो असे मात्र आढळलेले नाही. ताई बैठकीत हे मोकळेपणाने सांगतात, आणि काकू शेजारी बसून तितक्याच मोकळेपणाने म्हणतात, ‘तुझे खरे असेल गं, पण उद्या कुणाला काही झाले तर सासूबाई माझ्या तिळाकडे बोट दाखवतील.’ पहिल्या तीन महिन्यांत काही दुर्दैवी घडले तर त्याचे खापर बाईच्या ताटावर फोडण्याची आपली रीत लक्षात घेता काकूंची भीती अनाठायी नाही. तरीही हाडांसाठी उपयुक्त असलेले तीळ वगळल्यावर कॅल्शियमची भर कशी काढायची, याचा विचार त्यांनी केलेला आहे. नाचणी आठवड्यातून चार-पाच वेळा येते आणि १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

अंड्याच्या बाबतीत मात्र असा विचार दिसत नाही. स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी आहे, हा त्यांचा अधिकार. परंतु बी १२ जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून जवळपास मिळतच नाही आणि दूध-दहीही ज्यांना जात नाही त्यांनी काय करावे, याचा उल्लेखही कुठे नाही. पूर्ण उकडलेले अंडे ज्यांना चालते त्यांनी घरी खावे, आणि ज्यांना चालत नाही त्यांनी बी १२ ची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी, एवढे एक वाक्य त्या पत्रकात केशराच्या जागी छापता आले असते. पहिल्याच तपासणीत साखर वाढलेली आढळली त्या एका मैत्रिणीलाही हा डबा मानवला नाही. मऊ भात, पेज, गुळाचे सार, राजगिऱ्याचा लाडू हा मळमळीला सोयीचा बेत साखरेला सोयीचा नसतो, आणि ‘मधुमेहींसाठी वेगळा डबा’ म्हणून तिला जे मिळाले ते त्याच बेतातून लाडू वजा केलेले होते.

एक तक्रार वरवर क्षुल्लक वाटेल. डब्याच्या कापडी पिशवीवर गुलाबी रंगात बाळाची दोन पावले आणि ‘आईचा डबा’ अशा अर्थाची ओळ छापलेली होती. आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत बातमी सांगत नाहीत. ही प्रथा योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, पण ती पाळायची की नाही हे ज्या त्या बाईने ठरवायचे असते. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनच्या टेबलावर ती पिशवी तासभर पडून राहिली, आणि संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून ‘कितवा?’ असे विचारले. बैठकीत हा विषय निघाला तेव्हा कळले की ऑफिसात डबा मागवणाऱ्या दोघींच्या बाबतीतही हेच झाले होते, आणि त्यांतल्या एकीच्या वरिष्ठांनी तिचे नाव परदेशातल्या कामाच्या यादीतून परस्पर काढले होते. आता मागितल्यास साधी निळी पिशवी मिळते. मागण्याची वेळच येऊ नये, असे माझे मत आहे.

वेळेच्या बाबतीत सेवा मध्यम आहे. दुपारचे जेवण घेऊन येणारा सकाळच्या फेरीचा डबा साडेअकराला अपेक्षित असतो आणि पावसाच्या दिवसांत तो एक वाजताही आलेला आहे. इतर डब्यांच्या बाबतीत दीड तासाचा उशीर म्हणजे थोडी चिडचिड. इथे पोट रिकामे राहिले की त्या दिवशीचे पुढचे सगळेच बिघडते. उशीर झाल्यास त्या दिवसाचे पैसे पुढच्या हिशेबात वळते करतात, हे खरे, पण पैशांनी ती दुपार परत येत नाही.

आणि एका गोष्टीसाठी या सेवेला मनापासून दाद द्यावी लागेल. नोंदणीच्या कागदावर शेवटी लिहिले आहे: ‘डबा थांबवायचा असल्यास फक्त “बंद” एवढे कळवावे. कारण विचारले जाणार नाही. उरलेले पैसे दोन दिवसांत परत मिळतील.’ पहिल्या तिमाहीत गर्भ न टिकण्याचे प्रमाण बरेच असते, आणि त्या अवस्थेत कोणा अनोळखी माणसाला फोनवर कारण सांगत बसणे किती कठीण असते, हे ज्यांना माहीत आहे त्यांनीच ती ओळ लिहिली असणार. बैठकीला येणारी एक जण पुढच्या महिन्यात दिसली नाही आणि कोणी तिची चौकशी केली नाही. काकूंनी तो विषय निघूच दिला नाही. दुर्दैवाने मोबाइलवर रोज सकाळी येणारे ‘तुमचे बाळ आज लिंबाएवढे झाले’ हे आपोआप जाणारे संदेश डब्याबरोबर बंद होत नाहीत, ते वेगळे बंद करावे लागतात. हे काकूंच्या लक्षात आणून दिले आहे. दुरुस्ती होईपर्यंत नोंदणीच्या वेळीच संदेश नकोत असे सांगावे.

दर दिवसाला ३२० रुपये, रविवारी सुट्टी, किमान १५ दिवसांचे पैसे आगाऊ. महिन्याचे आठ हजारांच्या वर जातात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणारी एकूण रक्कम ५,००० रुपये आहे, हे आठवले की ही सोय कोणाच्या आवाक्यातली आहे ते कळते, आणि म्हणून साराची व पहाटेच्या डबीची कृती मी मागेच इतकी सविस्तर दिली. ज्यांना परवडते, ज्यांना स्वयंपाकघरात उभे राहणेच अशक्य झाले आहे आणि ज्यांचा त्रास मध्यम आहे, त्यांनी हा डबा जरूर लावावा. पूर्ण दिवसाचा नको असेल तर नुसता सकाळच्या फेरीचा १९० रुपयांत मिळतो आणि माझ्या मते तो पुरेसा आहे, कारण रात्रीची खिचडी घरात कोणीही लावू शकते, अगदी नवरासुद्धा. ज्यांच्या पोटात पाणीही टिकत नाही, लघवी कमी आणि गडद होते आहे, उभे राहिल्यावर चक्कर येते किंवा वजन झपाट्याने उतरते आहे, त्यांनी डब्याच्या चौकशीत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे; त्यावर औषधे आहेत, सलाईन आहे, आणि सूनबाई स्वतःही अशांची नोंदणी घेत नाहीत. बदल कळवायचा असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर कळवलेले दुसऱ्या दिवशीच्या डब्यात येत नाही.